बी.ए. झाल्यावर दहावी

माझी आई आधी बी.ए. झाली, मग दहावी झाली आणि सगळ्यात शेवटी बारावी. हे ऐकून लोक हसतात. हसायला माझी हरकत नाही, फक्त ते आईला हसतात ते मला पटत नाही.

आम्ही विठ्ठलवाडीला राहतो. पप्पा डोंबिवलीच्या एमआयडीसीत रंगाच्या कंपनीत होते, आता घरी असतात. आई कल्याणला एका शिक्षणसंस्थेच्या बालवाडीत मदतनीस आहे. मदतनीस म्हणजे मुलांची नाकं पुसायची, डबे उघडून द्यायचे, शी-शूला न्यायचं आणि रडणाऱ्याला कडेवर घ्यायचं. मुलं तिला मावशी म्हणतात. शिकवायला वेगळ्या टीचर होत्या. त्यांचे गुडघे गेले होते, त्यामुळे त्या खुर्चीत बसून असायच्या आणि गाणी, गोष्टी, मातीचे बैल, सगळं आईच घ्यायची. टीचर रिटायर व्हायच्या वर्षी आईला म्हणाल्या, "अहो मावशी, माझ्या जागेवर तुम्हीच अर्ज करा की. काम तर तुम्हीच करताय."

आईने ऑफिसात विचारलं. उत्तर आलं, शिक्षिका पदवीधर हवी.

आई नववी पास. दहावीला बसायच्या आधी तिचं लग्न झालं. तिच्या शाळेने तिला एक दाखला दिला, त्यावर शाळा सोडण्याचं कारण 'वडिलांच्या अर्जावरून' असं लिहिलंय. आता कॉलेजातून पहिल्या वर्षानंतर बाहेर पडलं तर सर्टिफिकेट मिळतं, दुसऱ्यानंतर डिप्लोमा, तिसऱ्यानंतर डिग्री, आणि चौथ्यापर्यंत कुणी टिकलाच तर ऑनर्स. अर्धवट सोडण्याला 'एक्झिट' म्हणतात आणि सन्मानाने दरवाजा उघडून धरतात. आईची एक्झिट चुकीच्या काळात झाली.

मी तेव्हा ठाण्याच्या एका कॉलेजात एम.ए. करत होते, रेग्युलर. रविवारी त्याच कॉलेजात, आमच्याच बाकांवर, मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र भरायचं. मी एकदा लायब्ररीचं पुस्तक परत करायला रविवारी गेलेले, तर वर्ग गच्च भरलेला. सिक्युरिटी गार्ड, नर्स, दोन पोलीस, एक बाई चक्क बाळ मांडीवर घेऊन बसलेली. सोमवारी त्याच वर्गात आम्ही पाचजण असायचो आणि सर आम्हाला सांगायचे, "तुम्ही रेग्युलरवाले आहात, बाहेरून करणाऱ्यांसारखं वागू नका."

तिथल्या नोटीस बोर्डवर मी वाचलं की दहावी-बारावी नसेल तरी एक पूर्वतयारीचा कोर्स असतो. तो पास झालं की थेट बी.ए.ला प्रवेश. घरी येऊन सांगितलं. पप्पा जेवत होते. त्यांनी घास हातातच धरला.

"दहावी न होता बी.ए.? असं असतं तर मी आत्ता कलेक्टर असतो."

"कायदेशीर आहे पप्पा. विद्यापीठ मान्यताप्राप्त आहे."

"कायदेशीर काय, बरंच काही असतं," पप्पा म्हणाले. "मागून लोक विचारतील तेव्हा काय सांगायचं?"

"सांगायचं की बी.ए. आहे," आई म्हणाली आणि त्यांच्या ताटात भाकरी वाढली.

तिने पूर्वतयारी केली आणि बी.ए.ला नाव घातलं, समाजशास्त्र घेऊन. विषय तिने माझ्यावरून निवडला, कारण जुनी पुस्तकं घरात होती. बालवाडीत दुपारी मुलं झोपायची वेळ झाली की ती समाजशास्त्राचं पुस्तक घेऊन मधोमध बसायची आणि मोठ्याने वाचायची. सामाजिक स्तरीकरण, भूमिका-संघर्ष, संस्था आणि समूह. मुलं पाच मिनिटांत गाढ झोपायची. आई घरी येऊन सांगायची, "पुस्तक चांगलं आहे गं. एकही रडत नाही."

रविवारी ती ठाण्याला जायची. टिफिन, छत्री आणि रेघा मारलेल्या वह्या. तीन वर्षांत तिने एकही रविवार चुकवला नाही आणि बी.ए. झाली, फर्स्ट क्लासमध्ये. मला बी.ए.ला सेकंड क्लास होता. हे पप्पांनी वस्तीत सगळ्यांना सांगितलं, तेच पप्पा.

आमच्या इथल्या विहारात दरवर्षी गुणवंतांचा सत्कार असतो. त्या वर्षी आईला शाल दिली, पुस्तक दिलं आणि अध्यक्षांनी भाषणात सांगितलं की या भगिनीने वयाला हरवलं. आई पांढरी साडी नेसून पहिल्या रांगेत बसलेली. शाल तिने घडी न मोडता कपाटात ठेवली, मुलाखतीला पांघरायला.

मुलाखत संस्थेच्या ठाण्याच्या मुख्य ऑफिसात होती. मी सोबत गेलेले. आत कार्यवाह साहेब बसलेले, पन्नाशीचे, खिशाला दोन पेनं. आईने डिग्री पुढे ठेवली. त्यांनी ती उलटून पाहिली, पाठीमागे काही छापलंय का ते बघायला.

"पदवी आहे. छान. दहावीची मार्कशीट?"

"दहावी नाही सर," आई म्हणाली. "पूर्वतयारी करून बी.ए. केलं."

"म्हणजे दहावी नाही, बारावी नाही आणि डायरेक्ट बी.ए.?"

मी मध्ये पडले. नियम सांगितला, माहितीपत्रक दाखवलं. त्यांनी ते वाचलं नाही, फक्त मान हलवली.

"मॅडम, विद्यापीठाचं काय आहे, ते पदवी देतं. नोकरी आम्ही देतो. उद्या तपासणीला कुणी आलं आणि म्हणालं दहावी कुठाय, तर मी काय दाखवू? बेस लागतो हो बेस. शिवाय हे रेग्युलर पण नाही."

"जाहिरातीत फक्त पदवीधर लिहिलंय," मी म्हणाले.

"पदवीधर लिहिलं की दहावी त्यात आलीच ना? पदवीधर माणूस दहावी नापास असतो का कुठे?"

"मी नापास नाही," आई शांतपणे म्हणाली. "मी बसलेच नव्हते."

साहेबांनी मग आवाज मऊ केला. ते म्हणाले, गैरसमज नको, बाहेरून शिकणाऱ्यांबद्दल त्यांना आदरच आहे. त्यांनी स्वतःसुद्धा नोकरी करता करता एम.बी.ए. केलं होतं, शनिवार-रविवार. "पण ते एक्झिक्युटिव्ह," ते म्हणाले. "ते वेगळं."

काय वेगळं ते मी नंतर चौकशी करून समजून घेतलं. एक्झिक्युटिव्ह म्हणजेसुद्धा बाहेरूनच, फक्त चहाबरोबर बिस्किटं असतात.

परत येताना आम्ही रिक्षात बसलो. मी रागाने बडबडत होते, कोर्टात जाऊ, माहितीचा अधिकार टाकू. आई शाल मांडीवर घेऊन बाहेर बघत होती. तीन हात नाक्याला सिग्नल लागला तेव्हा ती म्हणाली, "दहावी करून टाकू या."

"तू बी.ए. आहेस आई!"

"मग? बी.ए. झालेल्याला दहावी अवघड जाते का?"

जाते. हे आम्हाला लवकरच कळलं. खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसायला सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. तो कल्याणच्या एका शाळेत भरला. तिथल्या बाईंनी आईला विचारलं, "मुलाचा का मुलीचा?" आई म्हणाली, "माझा." मग बाईंनी शिक्षणाच्या रकान्यात नववी पास लिहिलं. आई म्हणाली, बी.ए. लिहा. बाईंनी पेन खाली ठेवलं. "ताई, बी.ए. लिहिलं तर दहावीचा फॉर्म कसा घेऊ मी?" अशा तऱ्हेने आईची डिग्री त्या फॉर्मपुरती काढून घेण्यात आली.

समाजशास्त्राच्या पुस्तकात वर्गसंघर्ष होता, वर्गसमीकरण नव्हतं. बीजगणिताने आईला रडवलं. मी शिकवायला बसले तर दोघींचं भांडण व्हायचं. "एक्स म्हणजे किती ते आधी सांग," ती म्हणायची. मी सांगायचे की तेच शोधायचंय. "मग ज्याने गणित घातलं त्याला माहीत नाही का?" शेवटी शेजारच्या दहावीतल्या मुलीबरोबर तिला क्लासला घातलं. ती मुलगी आईला काकू म्हणायची आणि आई तिची वही उतरवून घ्यायची.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी मी तिला केंद्रावर सोडायला गेलेले. गेटवर सुपरवायझर उभे होते. त्यांनी आईला हाताने अडवलं.

"पालकांनी बाहेर थांबायचं."

"मी विद्यार्थी आहे," आई म्हणाली.

"ते ठीक आहे, पण तुमचा मुलगा आत गेला ना? आता बाहेर थांबा."

आईने हॉल तिकीट काढून त्यांच्या डोळ्यांसमोर धरलं. त्यांनी फोटो बघितला, आईला बघितलं, परत फोटो बघितला आणि म्हणाले, "सॉरी मॅडम. ऑल द बेस्ट बेटा." ते 'बेटा' त्यांच्या तोंडून सवयीने गेलं. आई आत गेली. नंतर मला म्हणाली की इतक्या वर्षांत तिला कुणी बेटा म्हटलं नव्हतं, बरं वाटलं.

गणितात ती काठावर पास झाली. बी.ए.ला फर्स्ट क्लास, दहावीला पास क्लास. आणि मग विहारातला सत्कार परत आला, कारण तिथे दहावी पास होणाऱ्या प्रत्येकाचा सत्कार असतो. सूत्रसंचालन करणारा मुलगा यादी वाचत होता. आईच्या नावाशी येऊन थांबला. त्याला वाटलं यादीत चूक झालीय. मग धीर करून माइकवर म्हणाला, "ज्या मागे बी.ए. झाल्या होत्या, त्या यंदा दहावीसुद्धा झालेल्या आहेत." सगळा विहार हसला. मी पण हसले. आई उठली, पंधरा वर्षांच्या पोरापोरींच्या रांगेत जाऊन उभी राहिली आणि गुलाबाचं फूल आणि कंपासपेटी घेऊन आली. पप्पा मागे उभे होते. ते हसत नव्हते. हसणाऱ्या शेजाऱ्याला ते म्हणाले, "तू कितवी रे?"

दहावीची मार्कशीट घेऊन आम्ही परत ठाण्याला गेलो. कार्यवाह साहेबांनी मनापासून अभिनंदन केलं. चहा मागवला.

"आता बारावी तेवढी करून घ्या," ते म्हणाले.

मला वाटलं ते मस्करी करतायत. ते करत नव्हते. दहावी आणि पदवी यांच्यामध्ये जागा रिकामी राहते, ते म्हणाले, आणि रिकामी जागा तपासणीत दिसते. आता बारावीला बसायचं तर दहावीनंतर दोन वर्षं जावी लागतात. त्याला इलाज नाही. विद्यार्थी पंधरा वर्षांचा असेल किंवा बी.ए. झालेली, एम.ए. मुलीची आई असेल, नियमाला ते दिसत नाही. आईने दोन वर्षं थांबून बारावी केली, आर्ट्समधून, गणित नसलेली. चांगले मार्क पडले. या काळात बालवाडीत कंत्राटावर तीन तरुण टीचर आल्या आणि गेल्या. प्रत्येकीला पहिल्या आठवड्यात आईने गाणी शिकवली.

बारावीची मार्कशीट घेऊन गेलो तेव्हा ऑफिसात नवीन रंग लावलेला होता आणि नवीन शब्द आले होते. बालवाडी आता बालवाडी राहिली नव्हती, 'पायाभूत स्तर' झाली होती. त्यासाठी आता बालशिक्षणातला खास डिप्लोमा लागणार होता.

"म्हणजे बी.ए. चालणार नाही?" मी विचारलं.

"चालेल," साहेब म्हणाले. "पण पुरणार नाही."

आईने तिन्ही मार्कशीटा प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घातल्या. तिला राग आलाय हे फक्त मला कळलं, कारण ती फोल्डरचं बटण परत परत दाबत होती. ती म्हणाली, "साहेब, तुमच्यासाठी मी बी.ए.वरून खाली दहावीला आले, मग बारावीला आले. आता डिप्लोमा म्हणताय. उद्या बालवाडी पास केल्याचा दाखला मागाल." साहेब हसले. त्यांना ते विनोद वाटला.

ती जागा अजून रिकामी आहे. जाहिरात दर जूनमध्ये निघते. आई अजून तिथेच दुपारपाळीला नाकं पुसते आणि गाणी शिकवते, मदतनीस म्हणून.

डिप्लोम्याचं ऐकून घरी आल्यावर तिने जाहीर केलं की ती एम.ए. करणार. पप्पांनी फक्त टीव्हीचा आवाज कमी केला. मी म्हटलं, ठीक आहे, रविवारच्या केंद्रात फॉर्म भरू. आई म्हणाली, "नाही. रेग्युलर. सगळे त्याचंच कौतुक करतात ना, एकदा आत बसून बघते काय असतं ते."

आमच्या कॉलेजचा एम.ए.चा वर्ग सकाळी असतो, तिची बालवाडी दुपारी, म्हणून जमण्यासारखं होतं. मी तोपर्यंत त्याच कॉलेजात शिकवायला लागले होते. शिकवायला म्हणजे तासिका तत्त्वावर. एम.ए., नेट, सगळं असूनही स्टाफरूमच्या बोर्डावर माझं नाव नाही, मस्टर वेगळं आणि मे महिन्यात मी कुणीच नसते. आईचं शिक्षण बाहेरून झालं तशी माझी नोकरीही बाहेरूनच चालते.

प्रवेशाच्या दिवशी खिडकीतल्या क्लार्कने आईची माहिती कॉम्प्युटरवर भरली. स्क्रीनवर लाल पट्टी आली. त्याने परत भरली. परत लाल.

"मॅडम, बारावीचं वर्ष चुकलंय तुमचं."

"नाही चुकलं."

"अहो, बारावी बी.ए.च्या नंतर दिसतेय. कॉम्प्युटरला वाटतंय तुम्ही आधी बी.ए. झालात."

"कॉम्प्युटरचं बरोबर आहे," आई म्हणाली.

"असं होत नाही पण."

"झालंय."

क्लार्कने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. मागे रांग वाढत होती. तो आत जाऊन कुणाला तरी घेऊन आला, ते अजून कुणाला घेऊन आले, तिघांनी मिळून स्क्रीनकडे बघितलं. एकाने सुचवलं की वर्षं उलटसुलट करून टाकू, कॉम्प्युटर घेईल. आईने ठाम नकार दिला. म्हणाली, जे ज्या क्रमाने केलंय ते त्याच क्रमाने लिहा. शेवटी हाताने अर्ज लिहून विद्यापीठाकडे पाठवला आणि तिला 'तात्पुरती पात्रता' मिळाली. ती अजून तात्पुरतीच आहे.

पहिल्या सोमवारी मी वर्गात गेले तर बाकांवर एकटी आई बसलेली. पहिला बाक, वही उघडलेली, तारीख घातलेली. पटावर तीस नावं होती. त्यातली निम्मी मुलं कॉल सेंटरला किंवा बँकेच्या रिकव्हरीत नोकरीला होती, काही स्पर्धा परीक्षेच्या क्लासला, एक मुलगी लग्न होऊन नाशिकला. सगळे रेग्युलर. हजेरी नंतर नियमात बसवली जाते, कशी ते विचारायचं नसतं. तेवढ्यात शिपाई डोकावला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या आईला स्टाफरूममध्ये बसवू का? लेक्चर होईस्तोवर?"

"त्यांच्यासाठीच आहे लेक्चर," मी म्हणाले.

मी हजेरी घेतली. तीस नावं वाचली, कारण वाचावी लागतात. आईचं नाव आलं तेव्हा ती उठून उभी राहिली. "हजर मॅडम." मी माझ्या आईला बस म्हणाले. मग मी 'शिक्षणाचं समाजशास्त्र' हा पेपर शिकवायला घेतला. शिक्षणामुळे समाजात वर जाता येतं या सिद्धांतावर पाऊण तास बोलले. आई सगळं लिहून घेत होती. शेवटी मी विचारलं, काही शंका? तिने हात वर केला.

"बाकीचे कधी येतात?"

"येत नाहीत."

"कधीच?"

"परीक्षेला येतात."

आईने पेनाचं टोपण लावलं. "अगं मग रविवारी आम्ही बाहेरचे सगळे आत असायचो. आणि हे आतले सगळे बाहेर. नाव बदलायला पाहिजे ना कुणीतरी."

ती तरी रोज आली. एकटीला शिकवणं सोपं नसतं. तिला डुलकी काढता यायची नाही आणि जांभई आली की मला लागायचं. हळूहळू एक-दोन मुलं यायला लागली, मुख्यत्वे आईच्या डब्यासाठी. ती त्यांनाही बालवाडीसारखं डबा उघडून द्यायची.

परीक्षेच्या आधी मला लिहून द्यावं लागलं की माझं जवळचं कुणी परीक्षेला बसलेलं आहे. त्यामुळे माझ्या पेपरचं काम माझ्याकडून काढून घेतलं. पेपर दुसऱ्या कॉलेजातल्या कुणी काढला, तपासला दुसऱ्या कुणी. विभागप्रमुख मला म्हणाले, "आपल्या इतिहासात पहिल्यांदाच असं झालं. साधारणपणे मुलगा किंवा मुलगी बसते."

निकाल मोबाइलवर आला. आई बालवाडीतून नुकतीच आलेली, पप्पा चष्मा शोधत होते. मी वाचून दाखवला. सगळ्या पेपरात पास, चांगले ग्रेड, एका पेपरात केटी. तो पेपर माझा.

पप्पांना हसू आवरेना. आई मात्र गंभीर होती. तिने मोबाइल हातात घेऊन स्वतः बघितलं.

"तू जे शिकवलंस त्यातलं काहीच आलं नव्हतं पेपरात," ती म्हणाली. "मी तेव्हाच ओळखलेलं. पण म्हटलं तुला वाईट वाटेल."

"मी सिलॅबसप्रमाणेच शिकवलं!"

"असेल. तू सिद्धांतावर फार वेळ घालवतेस बाळा. आणि बोर्डावरचं अक्षर लहान काढतेस."

मला खूप काही बोलायचं होतं. मी एवढंच म्हणाले की परत परीक्षा आहे, तेव्हा घरी बसून नीट तयारी करून घेते, रोज तासभर.

"नको," आई म्हणाली. "तू मला गाइड आणून दे."

दुसऱ्या दिवशी कॉलेजवरून येताना मी कल्याणला उतरले आणि स्टेशनबाहेरच्या दुकानातून गाइड आणली. लेखकाचं नाव नसलेली, गुलाबी कव्हरची, महत्त्वाचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं असलेली. आईने ती बालवाडीत मुलं झोपल्यावर वाचून काढली आणि तो पेपर सुटला.